नवशिक्यांना बिल्ड प्रक्रिया समजावून देणारे साधन म्हणून ‘ग्नू मेक’: एक परीक्षण

संध्याकाळच्या वर्गात मी गेली काही वर्षे सी भाषा शिकवते आणि प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारते: तुम्ही लिहिलेली फाइल आणि पडद्यावर चालणारा प्रोग्राम या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडते? बहुतेकांचे उत्तर एकच असते, ‘हिरव्या त्रिकोणावर (म्हणजे कोड लिहायच्या ॲपमधल्या ‘रन’च्या बटणावर) क्लिक करायचे.’ हे उत्तर चुकीचे नाही, पण ते रेल्वे कशी चालते असे विचारल्यावर ‘तिकीट काढायचे’ असे सांगण्यासारखे आहे. त्या त्रिकोणामागे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर असतो, तयार झालेले तुकडे जोडून प्रोग्राम करणारा लिंकर असतो, मधल्या फाइली असतात, त्या कोणत्या क्रमाने तयार व्हायच्या याचा हिशेब असतो. एरर येते ती नेमकी याच दडलेल्या भागातून येते आणि मग तिच्याकडे बघावे कसे हेच विद्यार्थ्याला उमगत नाही.

हा दडलेला भाग उघडा करून दाखवण्यासाठी मी अनेक साधने वर्गात वापरून पाहिली. त्यांपैकी ‘ग्नू मेक’ या साधनाचे हे परीक्षण आहे. कसोटी एकच ठेवली आहे: बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची ही सगळी प्रक्रिया, काय असते हे ज्याला अजून ठाऊक नाही, त्याला ते या साधनामुळे कळते का? मोठ्या कंपनीच्या प्रकल्पाला ते किती वेगवान पडेल, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो येथे मुद्दाम मागे ठेवला आहे.

मेक हे मूळचे बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतले. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले आणि त्यामागचे निमित्त नवशिक्याने ऐकावे असे आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक सबंध सकाळ एका प्रोग्राममधला दोष शोधण्यात घालवली होती. प्रत्यक्षात दोष आधीच दुरुस्त झालेला होता, फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. बदललेल्या फाइलीची आठवण माणसाने ठेवायची असेल तर तो कधीतरी विसरणारच, म्हणून ती आठवण यंत्राने ठेवावी, एवढाच मेकचा मूळ हेतू. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. आज लिनक्सवर आपण जे वापरतो ते त्याचे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने नव्याने लिहिलेले रूप आहे. रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅग्रा यांनी ते लिहिले आणि आता बरीच वर्षे पॉल स्मिथ त्याची देखभाल करतात. मी वर्गात ४.४.१ ही फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली आवृत्ती वापरते.

मिळवणे सोपे आहे. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज घेतले की जीसीसी हा सीचा कंपायलर आणि मेक दोन्ही येतात. विंडोजवर अशी साधने चालवण्यासाठी डब्ल्यूएसएल किंवा एमसिस२ यांपैकी एक मार्ग धरावा लागतो. मॅक वापरणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲपलच्या डेव्हलपर साधनांबरोबर येते ती ३.८१ ही २००६ सालची आवृत्ती असते, कारण त्यानंतरच्या आवृत्त्यांचा परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला. खाली ज्या सोयींचे मी कौतुक केले आहे त्यांतल्या काही तिच्यात नाहीत, म्हणून मॅकवर पॅकेजे बसवणाऱ्या होमब्रूमधून नवी आवृत्ती घ्यावी. ती ‘जीमेक’ या नावाने बसते.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येते. पहिल्या तासाला मी कोणालाही मेकफाइल, म्हणजे मेकसाठीच्या नियमांची फाइल, लिहायला लावत नाही. एका रिकाम्या फोल्डरमध्ये ‘नमस्कार.सी’ ही पाच ओळींची फाइल ठेवायची आणि टर्मिनलवर फक्त ‘मेक नमस्कार’ एवढेच टाइप करायचे. मेकफाइल नसतानाही मेक गोंधळत नाही. ‘नमस्कार’ नावाची फाइल हवी आहे, ती येथे नाही, पण ‘नमस्कार.सी’ आहे, आणि सीच्या फाइलीपासून प्रोग्राम कसा करायचा हे मला अंगभूत नियमांनी माहीत आहे, असा विचार करून ते कंपायलरला हाक मारते. मुख्य म्हणजे कंपायलरला त्याने नेमकी कोणती आज्ञा दिली ती संपूर्ण ओळ पडद्यावर छापते. विद्यार्थी ती ओळ पहिल्यांदा वाचतात तो क्षण मला फार मोलाचा वाटतो, कारण हिरव्या त्रिकोणाच्या मागे एक साधी, वाचता येणारी, स्वतःच्या हाताने पुन्हा टाइप करता येणारी आज्ञा होती, हे त्यांना तेव्हा कळते.

मग तीच आज्ञा पुन्हा द्यायची. आता मेक काहीच करत नाही; ‘नमस्कार’ अद्ययावत आहे एवढेच सांगून थांबते. वर्गात कुणीतरी हमखास विचारते, ‘मॅडम, याला कसं कळलं?’ उत्तर देण्याऐवजी मी त्यांना ‘टच’ ही आज्ञा सी फाइलीवर चालवायला सांगते. टचने फाइलीतले एक अक्षरही बदलत नाही, फक्त तिची शेवटच्या बदलाची वेळ पुढे सरकते. तिसऱ्यांदा मेक चालवले की ते पुन्हा कंपाइल करते. मेक फाइलीच्या आत काय आहे हे पाहत नाही, फक्त दोन फाइलींच्या वेळा ताडून पाहते, हे सूत्र एक शब्दही न सांगता पोरांच्या हाती लागलेले असते. बिल्ड साधनांच्या जगातली निम्मी समज या तीन आज्ञांत येते आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

दुसऱ्या तासाला कंपाइल या एका शब्दाच्या पोटात दडलेले टप्पे वेगळे करायचे. जीसीसीला हायफन आणि मोठा ई हा पर्याय दिला की ते प्रीप्रोसेसिंगपाशी थांबते. मोठा एस दिला की असेंब्लीपाशी, म्हणजे यंत्राच्या सूचनांच्या वाचता येणाऱ्या रूपापाशी. छोटा सी दिला की ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे यंत्राच्या भाषेतला पण अजून न जोडलेला तुकडा, तयार करून थांबते. आणि काहीच दिले नाही तर लिंकिंगपर्यंत जाऊन चालवता येणारा प्रोग्राम हाती देते. मी या चारही टप्प्यांचे चार नियम एका मेकफाइलमध्ये लिहून देते, म्हणजे प्रत्येक टप्प्याची फाइल फोल्डरमध्ये उघड दिसते आणि ती एडिटरमध्ये उघडून वाचता येते. पाच ओळींच्या प्रोग्रामची प्रीप्रोसेसिंगनंतरची फाइल उघडली की शेकडो ओळी समोर येतात, कारण ‘इन्क्लूड’ म्हणजे हेडरचा, अर्थात इतर फाइलींनी वापरायच्या घोषणांच्या फाइलीचा, सगळा मजकूर, आणि त्या हेडरने बोलावलेल्या इतर हेडरांचाही मजकूर, जागच्या जागी चिकटवणे. आपल्या पाच ओळी सर्वांत शेवटी, तळाशी सापडतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे हेडर फाइलीला कधीच जादू समजत नाही.

लिंकिंग समजावणे मात्र या सगळ्यांत कठीण असते, आणि येथे मेकची खरी मदत होते. मी वर्गमूळ काढणारा एक छोटा प्रोग्राम देते, ज्यात संख्या वापरकर्त्याकडून घेतलेली असते. (संख्या थेट प्रोग्राममध्येच लिहिली तर कंपायलर अनेकदा उत्तर स्वतःच काढून ठेवतो आणि अपेक्षित एरर येतच नाही, म्हणून ही काळजी घ्यावी लागते.) ऑब्जेक्ट फाइल बिनतक्रार तयार होते आणि पुढच्या पायरीवर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे म्हणून वर्गमूळाच्या फंक्शनचे नाव घेतो. विद्यार्थी चक्रावतात: ‘पण आम्ही मॅथ.एच ही गणिताची हेडर फाइल तर घेतली आहे!’ त्यांना मी लग्नपत्रिकेचे उदाहरण देते. पत्रिकेवर मामांचे नाव छापले म्हणजे मामा मांडवात हजर झाले असे होत नाही. हेडर ही पत्रिका आहे. अशा नावाचे फंक्शन आहे, ते अमुक घेते आणि तमुक देते, एवढेच ती सांगते. कंपायलर पत्रिका वाचून समाधानी होतो. लिंकर मात्र मांडवात फिरून माणसे मोजतो, आणि गणिताचे फंक्शन ज्या लायब्ररीत राहते तिला कोणी बोलावलेलेच नसते. मेकमध्ये ही लायब्ररी ‘एलडीलिब्स’ या चलात लिहायची, म्हणजे ती आज्ञेच्या शेवटी जाते. तीच जर ‘एलडीफ्लॅग्ज’ या चलात लिहिली तर ती ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी जाऊन पडते आणि उबुंटूवर पुन्हा तीच एरर येते. मेक आज्ञा छापून दाखवत असल्यामुळे हा क्रमातला फरक दोन ओळी शेजारी ठेवून दाखवता येतो. मी वापरून पाहिलेल्या बहुतेक आयडीईंमध्ये (कोड लिहिण्या-चालवण्याच्या ॲपमध्ये) ही आज्ञा पाहण्यासाठी तीन मेन्यू उघडावे लागतात.

मेकफाइल लिहायला शिकवताना मराठी माणसाला एक सोय आपसूक मिळते. मेकच्या नियमात तीन गोष्टी असतात: काय बनवायचे आहे, ते कशापासून बनते, आणि ते बनवण्यासाठी कोणत्या आज्ञा चालवायच्या. त्या आज्ञांना मॅन्युअलमध्ये ‘रेसिपी’ असेच नाव आहे. आपल्याकडे पाककृती पिढ्यान्‌पिढ्या याच साच्यात लिहिल्या जातात: वर पदार्थाचे नाव, खाली ‘साहित्य’, त्याखाली ‘कृती’. म्हणून मी फळ्यावर पुरणपोळीची मेकफाइल लिहिते. पुरणपोळीचे साहित्य पुरण आणि कणीक. पुरणाचे साहित्य शिजलेली डाळ आणि गूळ. कणकेचे साहित्य पीठ, तेल आणि पाणी. आता गूळ बदलला तर काय काय पुन्हा करावे लागेल? पुरण आणि पोळी. कणीक तशीच राहील. पीठ बदलले तर? कणीक आणि पोळी. पुरणाला हात लावायचा नाही. घरात दोन माणसे असतील तर एक जण डाळ शिजत घालतो तेव्हा दुसरा कणीक मळू शकतो, पण पुरण व्हायच्या आधी पोळी लाटायला कोणीच घेऊ शकत नाही. मेकला हायफन जे आणि त्यापुढे आकडा दिला की ते जास्तीत जास्त तितकी कामे एकाच वेळी करते, आणि कोणती कामे एकत्र चालू शकतील हे असेच ठरवते. अवलंबित्वाचा आलेख हा शब्द उच्चारण्याआधी तो आलेख मुलांच्या वहीत काढून झालेला असतो.

या उदाहरणात एक गोष्ट बसत नाही आणि ती लपवू नये. पाहुणे आले की आपण चव घेऊन ठरवतो, मेक चव घेत नाही. तुम्ही साहित्यात जे लिहिले नाही ते मेकच्या लेखी अस्तित्वातच नसते. हा या साधनाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याचा फटका मला स्वतःला नोकरीच्या पहिल्या वर्षात बसला, तो सविस्तर सांगणे योग्य होईल.

एका शैक्षणिक संस्थेसाठी आम्ही निकालपत्रके छापणारा प्रोग्राम लिहीत होतो. ‘नोंद.एच’ या हेडरमध्ये एका विद्यार्थ्याच्या नोंदीची रचना होती: आधी क्रमांक, मग गुण. मुख्य भाग ‘मुख्य.सी’ मध्ये होता आणि छपाईचे काम ‘अहवाल.सी’ मध्ये. संस्थेने हजेरीही हवी म्हणून सांगितले, तेव्हा मी रचनेत क्रमांक आणि गुण यांच्या मधोमध हजेरीचा रकाना घातला, मुख्य फाइलीत हजेरी वाचण्याचा कोड लिहिला आणि मेक चालवले. एकही एरर आली नाही. छापून पाहिले तर गुणांच्या रकान्यात प्रत्येक विद्यार्थ्याची हजेरी येत होती. आकडे शंभराच्या आतलेच असल्यामुळे पहिल्या नजरेत ते खरे वाटले, आणि मला वाटते त्या चुकीची खरी भीती तीच होती. दोन दिवस मी मुख्य फाइलीतली ओळ न् ओळ तपासली. कोडमध्ये चूक नव्हतीच. मेकफाइलमध्ये अहवालाच्या ऑब्जेक्ट फाइलीचे साहित्य म्हणून फक्त ‘अहवाल.सी’ लिहिलेली होती, हेडरचा उल्लेख नव्हता. त्यामुळे हेडर बदलले तरी अहवालाची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच राहिली आणि ती नोंदीतल्या दुसऱ्या जागेवरचा आकडा पूर्वीप्रमाणेच ‘गुण’ समजून वाचत राहिली. त्या जागी आता हजेरी बसलेली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सगळ्या ऑब्जेक्ट फाइली पुसून पुन्हा बिल्ड करायला लावले आणि निकालपत्रके दुरुस्त झाली. स्टीव्ह जॉन्सन यांची जी सकाळ वाया गेल्यामुळे हे साधन जन्माला आले, तीच सकाळ या साधनासह माझ्या वाट्याला आली, कारण त्याला द्यायची माहिती मी अपुरी दिली होती.

यावर उपाय आहे आणि तो मेकच्या बाहेर, कंपायलरमध्ये आहे. जीसीसीला ‘एमएमडी’ हा पर्याय दिला की कंपाइल करताना आपली कोणकोणती हेडरे वाचली गेली त्याची यादी ते एका वेगळ्या फाइलीत मेकच्या भाषेतच लिहून ठेवते, आणि मेकफाइलच्या शेवटी एका ओळीने ती यादी आत घ्यायची. एवढे केले की हेडरांचे हिशेब पुन्हा हाताने ठेवावे लागत नाहीत. माझी तक्रार अशी की ही ओळ नवशिक्यांसाठीच्या बहुसंख्य धड्यांमध्ये नसते. हेडरविना मेकफाइल शिकवणे म्हणजे अर्धे सत्य शिकवणे होय, आणि येथे उरलेले अर्धे फार महाग पडते. माझ्या वर्गात तिसऱ्या तासाला प्रत्येकाने हीच चूक मुद्दाम करून पाहायची असते: हेडरमध्ये रकाना घालायचा, चुकीचा आकडा पडद्यावर पाहायचा, मग ती ओळ लिहायची.

दुसरा दोष सर्वज्ञात आहे, तरी नवशिक्याला तोच सर्वाधिक छळतो. कृतीची प्रत्येक ओळ टॅबने सुरू व्हावी लागते; स्पेस चालत नाही. पडद्यावर टॅब आणि आठ स्पेस सारख्याच दिसतात आणि अनेक एडिटर टॅब दाबला तरी गुपचूप स्पेस घालतात. मग ‘मिसिंग सेपरेटर’ अशी एरर येते आणि विद्यार्थी त्या ओळीत विसरलेला विरामचिन्हाचा तुकडा शोधत बसतो. ग्नू मेकने एवढी कृपा केली आहे की ओळ आठ स्पेसने सुरू होत असेल तर ‘आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचे होते का’ असे ते विचारते. चार स्पेस असतील तर मात्र विचारत नाही, आणि आजचे एडिटर बहुधा चारच स्पेस घालतात. हा नियम अडचणीचा असूनही बदलला गेला नाही. फेल्डमन यांच्या लक्षात त्याची अडचण लवकरच आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या मेकफाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर माणसांच्या सोयीसाठी घेतलेला तो निर्णय आज जगभरच्या विद्यार्थ्यांना निभवावा लागतो. ३.८२ पासून टॅबऐवजी दुसरे चिन्ह ठरवण्याची सोय आहे, परंतु ती वर्गात शिकवू नये असे माझे मत आहे, कारण पुढे वाचायला मिळणारी जवळजवळ प्रत्येक मेकफाइल टॅबचीच असते. त्याऐवजी एडिटरमध्ये अदृश्य चिन्हे दिसतील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

आणखी दोन अडचणी थोडक्यात. कृतीतली प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, त्यामुळे एका ओळीत फोल्डर बदलले तर पुढच्या ओळीला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत जोडाव्या लागतात. आणि ‘क्लीन’ सारख्या, फाइल न बनवणाऱ्या लक्ष्यांना ‘फोनी’ म्हणून जाहीर करावे लागते, नाहीतर फोल्डरमध्ये योगायोगाने ‘क्लीन’ नावाची फाइल आली तर मेक ‘हे अद्ययावत आहे’ म्हणून स्वस्थ बसते.

घड्याळाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. मी पूर्वी एका प्रयोगशाळेत शिकवत असे, जिथे विद्यार्थ्यांच्या फाइली एका मध्यवर्ती सर्व्हरवर असत आणि त्या सर्व्हरचे घड्याळ टेबलावरच्या संगणकांपेक्षा काही मिनिटे पुढे होते. मुले मेक चालवत आणि ‘क्लॉक स्क्यू’ (घड्याळांतली तफावत) आढळला, बिल्ड अपुरे असू शकते, अशी सूचना येई. फाइलीची वेळ भविष्यातली आहे हे मेकच्या ध्यानात आले होते. सुरुवातीला मी ती सूचना दुर्लक्ष करण्याजोगी मानली, पुढे कळले की ज्या साधनाचा सगळा कारभार दोन वेळांच्या तुलनेवर उभा आहे त्याच्यासाठी घड्याळ बिघडणे म्हणजे तराजूच बिघडणे आहे. प्रशासकांना सांगून सर्व्हरची वेळ दुरुस्त करून घेतली आणि सूचना बंद झाली. त्या निमित्ताने मुलांना वेळ ताडण्याच्या पद्धतीची मर्यादा जितकी नीट कळली तितकी ती कोणत्याही व्याख्यानाने कळली नसती.

शिकण्याच्या दृष्टीने मेकच्या ज्या सोयी मला सर्वाधिक उपयोगी वाटतात त्या दोन. हायफन एन दिले की मेक काय काय करणार आहे ते फक्त छापते, करत काहीच नाही. नवख्या माणसाने एखादा अनोळखी प्रकल्प पहिल्यांदा असाच वाचावा. आणि ४.० पासून मिळणारा ‘ट्रेस’ हा पर्याय तर मला शिक्षकासारखाच वाटतो: अमुक फाइल पुन्हा का बनवली याचे कारण तो मेकफाइलच्या ओळीच्या क्रमांकासह सांगतो. ‘अहवाल.ओ पुन्हा बनवत आहे, कारण नोंद.एच’ अशा अर्थाची ओळ त्या वर्षी माझ्या पडद्यावर असती, किंवा ती नाही हे जरी माझ्या लक्षात आले असते, तरी माझे दोन दिवस वाचले असते. २०२२ मध्ये आलेल्या ४.४ आवृत्तीत ‘शफल’ ही सोयही आली आहे. ती साहित्याचा क्रम मुद्दाम उलटापालटा करते, म्हणजे तुम्ही साहित्यात लिहायला विसरलेली एखादी गोष्ट केवळ क्रमाच्या कृपेने जमून जात असेल तर ती उघडी पडते. प्रगत विद्यार्थ्यांना ही अवश्य द्यावी.

इतर साधनांशी तुलना करायची तर ती न्याय्य रीतीने करायला हवी. आज कंपनीत रुजू होणारा विद्यार्थी शुद्ध मेकफाइल क्वचितच लिहील. सी++ च्या प्रकल्पांत सीमेक भेटेल, अँड्रॉइडमध्ये ग्रेडल, जावाच्या जुन्या-नव्या प्रकल्पांत मेव्हन. ही साधने वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्स सांभाळतात, बाहेरच्या लायब्रऱ्या स्वतः उतरवून घेतात, आणि काही जण तर वेळेऐवजी फाइलीतला मजकूर बदलला आहे का हे पाहतात. वेगाच्या बाबतीत इव्हान मार्टिन यांनी क्रोम ब्राउझरच्या बिल्डसाठी लिहिलेले निन्जा मोठ्या प्रकल्पांत मेकला मागे टाकते, पण त्याच्या फाइली माणसाने नव्हे तर दुसऱ्या साधनाने लिहाव्यात हेच त्याच्या रचनेत गृहीत धरले आहे. शिकणाऱ्याला त्यातून फारसे मिळत नाही. सीमेकबद्दल माझी अडचण वेगळी आहे. ते स्वतः बिल्ड करतच नाही, ते लिनक्सवर एरवी मेकफाइलीच तयार करून देते, आणि त्या यंत्राने लिहिलेल्या मेकफाइली वाचण्यासाठी नसतात. ज्याला मेक कळते त्याला सीमेक कशासाठी आहे हे तासाभरात कळते. ज्याने सीमेकपासून सुरुवात केली त्याला पहिली लिंकर एरर आली की तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, असे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

ग्रेडलबाबत एक व्यावहारिक मुद्दाही आहे. नव्या संगणकावर पहिले बिल्ड करताना ते स्वतःला आणि लागणाऱ्या लायब्रऱ्यांना इंटरनेटवरून उतरवून घेते. माझ्या वर्गातली निम्मी मुले तालुक्याच्या गावाहून येतात आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतात. घरी गेल्यावर पहिले बिल्ड अर्ध्यावर अडकले की शिकण्याचा उत्साहही तिथेच अडकतो. मेक एकदा बसवले की त्याला नेटची गरज लागत नाही. त्याचे संपूर्ण मॅन्युअलही ‘इन्फो मेक’ या आज्ञेने संगणकावरच उघडता येते; उबुंटू आणि डेबियनवर मात्र ते वेगळ्या पॅकेजमधून आधी बसवावे लागते. ते इंग्रजीत आहे, विस्तृत आहे आणि पहिली दोन प्रकरणे वगळता नवशिक्यासाठी लिहिलेले नाही. पण ती दोन प्रकरणे खरोखर चांगली आहेत, आणि एका छोट्या एडिटरच्या उदाहरणावर हेडरांसकट सगळे अवलंबित्व त्यात नीट मांडून दाखवले आहे.

किंमत शून्य आहे, आणि उघड परवान्यामुळे महाविद्यालयांना कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. पन्नाशीकडे झुकलेले हे साधन जुने झाले म्हणून शिकू नये, असा सल्ला मुलांना अनेकदा मिळतो. त्यांना मी लिनक्स कर्नलचा आणि गिटचा सोर्स उघडून दाखवते. दोन्हींच्या मुळाशी ‘मेकफाइल’ याच नावाची फाइल आहे.

ज्यांना फक्त पायथॉन किंवा वेबची पाने लिहायची आहेत त्यांनी मेकने सुरुवात करण्याची गरज नाही. त्यांच्या भाषेत कंपाइल-लिंकचा खेळ डोळ्यांआड असतो आणि मेकचे गुण तिथे दिसणार नाहीत. सी किंवा सी++ शिकणाऱ्या प्रत्येकाने मात्र पहिल्या महिन्यातच ते हाताळावे. आवृत्ती ४.० किंवा त्यापुढची घ्यावी, एडिटरमध्ये टॅब दिसतील अशी सोय करावी, पहिली मेकफाइल दहा ओळींहून मोठी करू नये आणि हेडरांची यादी करणारी ओळ त्या दहांतच बसवावी. इंटरनेटवर मिळणारी शंभर ओळींची तयार मेकफाइल चिकटवून काम भागते खरे, पण मग तीही एक हिरवा त्रिकोणच ठरते. माझ्या वर्गात म्हणूनच तयार मेकफाइल आणायला मनाई आहे. चौथ्या तासाला प्रत्येकाला कोऱ्या फाइलीपासून सुरुवात करून तीन सी फाइलींचा प्रोग्राम उभा करावा लागतो, आणि शेजाऱ्याने सांगितलेले हेडर ‘टच’ केल्यावर कोणत्या फाइली पुन्हा बनतील हे मेक चालवण्याआधी कागदावर लिहून द्यावे लागते.